गाडीच्या तोंडावर वाळून बसलेले किडे: आधी भिजवा, मग पुसा

अंबाजोगाईच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. जुन्या ट्रॅव्हलरची बॉडी बदलून त्यांनी कॅरॅव्हॅन करून घेतली. ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेला झोपण्याचा कप्पा पांढऱ्या फायबरचा, खालचा भाग मूळचा पत्र्याचा. दिवाळीआधी नागपूरहून समृद्धी महामार्गाने रात्रीतून आल्या, सावंगीला उतरून बीडमार्गे घरी गेल्या. गाडीचं तोंड किड्यांनी माखलं होतं. सणाच्या गडबडीत गाडी तशीच चार-पाच दिवस उन्हात उभी राहिली. मग वॉशिंग सेंटरवर प्रेशर मारून घेतलं, तरी निम्मे डाग तसेच. शेजारचे काका सांगतात, डिझेल लावा आणि तारेच्या घासणीने घासा. ताई विचारतात: घासू का? रंग गेला का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

ताई, घासू नका. डिझेल नको, तारेची घासणी नको, भांड्यांची हिरवी घासणीसुद्धा नको. रंग गेला असेल असं मला वाटत नाही. चार-पाच दिवसांचे डाग बहुतेक वेळा निघतात, मागे थोडी फिकट खूण राहिली तरी ती हलक्या पॉलिशने जाते. पण घासणीने पडलेले ओरखडे पॉलिशने सहजासहजी जात नाहीत. संभाजीनगरात गाड्या धुण्या-पॉलिशच्या कामात मी बरीच वर्षं आहे. पुण्याहून रात्रीतून येणाऱ्या लक्झरी बस, टेम्पो, ट्रॅव्हलर, आताशा कॅरॅव्हॅनही येतात. किड्यांमुळे खराब झालेली गाडी क्वचित येते. किडे काढताना खराब केलेली गाडी मात्र नेहमी येते.

हे डाग इतके चिवट का होतात हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. किडा धडकतो तेव्हा फुटतो, आणि त्याच्या अंगातला द्रव प्रथिनांनी भरलेला असतो. अंड्याचा बलक ताटाला वाळला की जसा बसतो, तसंच हे आहे. वाळलेलं अंडं कोरडं खरवडून निघत नाही, उकळतं पाणी ओतलं तर आणखी घट्ट बसतं, आणि साध्या पाण्यात पडून राहिलं की आपोआप सुटतं. किड्यांचंही तेच. पंख आणि पाठीचं कवच कायटिनचं असतं, ते पाण्यात विरघळत नाही. पण ते ज्या चिकट द्रवाने धरून ठेवलेलं असतं तो भिजला की कवच पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणजे आपलं काम त्या द्रवाला पुन्हा ओला करायचं आहे, आणि त्याला वेळ लागतो. प्रेशरची गन एका जागेवर दोन-चार सेकंद फिरते. तेवढ्यात वरचा ढीग उडतो, खालचा थर भिजतसुद्धा नाही. तुमच्या वॉशिंग सेंटरवर नेमकं हेच झालं.

उन्हाचा हिशेब वेगळा. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊनही काही कमी नसतं, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याला हात टेकवत नाही. तापलेल्या रंगाचा वरचा पारदर्शक थर, ज्याला आमच्या धंद्यात लॅकर म्हणतात, थोडा नरम पडतो. त्यावर पडलेला किडा सडत असतो, वाळताना आकसत असतो. रात्री गार झालं की लॅकर पुन्हा कडक होतं, आणि डागाची कड त्यात उमटते. पहिल्या दिवशी हा डाग पाण्याने जातो, आठवड्याने पॉलिश लागतं, उन्हात महिनाभर तसाच राहिला तर कधी कधी पॉलिशनेही पूर्ण जात नाही. लॅकरचा थर असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर एका मिलिमीटरचा विसावा भाग. त्यात खोल उतरलेली खूण काढायची तर तेवढा थर घासून कमी करावा लागतो. मी घासण्याला इतका विरोध करतो तो यासाठीच.

तुमच्या गाडीच्या तोंडावर एकच पृष्ठभाग नाही हे आधी बघा. वर फायबर, त्यावर जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा कडक, चकचकीत थर. खाली पत्र्याचा रंग आणि लॅकर. मध्ये काच. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे प्लास्टिकचे. बंपर बहुधा खरबरीत काळ्या प्लास्टिकचा. बाजूला स्टिकर किंवा ग्राफिक्स असतील, आणि कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या उघडणाऱ्या खिडक्या पुष्कळदा ॲक्रिलिकच्या असतात. भिजवणं सगळ्यांना चालतं. भिजवल्यानंतर काय लावायचं ते मात्र प्रत्येकाला वेगळं.

आता कृती. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी, गाडी सावलीत आणि बॉडी हाताला गार लागत असताना सुरू करा. तापलेल्या बॉडीवर साबणाचं पाणी क्षणात वाळतं आणि त्याचेच नवे डाग पडतात. आधी साध्या पाण्याने धूळ खाली जाऊ द्या. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ वाळली की बारीक वाळूसारखं काम करते, ती वर असताना फडकं फिरवलं की गोल-गोल ओरखडे पडलेच म्हणून समजा. मग जुने सुती पंचे, टर्किश टॉवेल, मऊ चादरीचे तुकडे घ्या, कोमट पाण्यात बुडवून अर्धवट पिळा आणि डागांवर थापून लावा. पाणी कोमटच. हाताला चटका बसेल इतकं गरम नको. पाण्यात कार शाम्पूचं टोपणभर टाकलं तर पाणी डागाच्या आत लवकर शिरतं. उभ्या पृष्ठभागावर ओला टॉवेल स्वतःच चिकटून राहतो. काचेवर वायपर उचलून त्याखाली दाबता येतो. वर पुढे आलेल्या कप्प्याच्या पोटाकडच्या बाजूला तो टिकत नाही, तिथे त्यावर स्वयंपाकघरातलं पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटवा, नाहीतर दर दोन-तीन मिनिटांनी स्प्रे बाटलीने पाणी मारत राहा.

पंधरा ते वीस मिनिटं द्या. तुमच्या चार-पाच दिवसांच्या डागांना अर्धा-पाऊण तास द्या, मध्ये टॉवेल पुन्हा ओले करा. टॉवेल वाळू द्यायचे नाहीत, ही यातली एकमेव कडक अट. या वेळात दुसरं काम करा. लोकांना नेमका इथेच धीर धरवत नाही आणि बोटाच्या नखाने खरवडायला सुरुवात होते.

टॉवेल काढताना तो जोर न देता खाली ओढत काढा, निम्मा माल त्याच्याबरोबरच येईल. मग दोन बादल्या ठेवा: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा जाड मऊ कापड शाम्पूत बुडवायचं, वरून खाली, हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवायचं, लगेच साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं, मग पुन्हा शाम्पूत. कापडात अडकलेली पाय-पंखांची कुरकुरीत भुकटी पुढच्या जागी घासली जाऊ नये म्हणून ही दुसरी बादली. काही डाग अजून हलले नसतील तर त्यावर जोर लावू नका, तेवढ्याच जागेवर परत ओलं फडकं ठेवा. दुसऱ्या खेपेला बहुतेक सगळं येतं.

तरीही उरलंच तर बाजारात बग रिमूव्हर मिळतो. तो सौम्य अल्कधर्मी साबणासारखा असतो, काहींत प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइमही असतात. गार, ओल्या पृष्ठभागावर फवारा, डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरता, बहुधा दोन ते पाच मिनिटं, राहू द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. तो वाळला तर किड्यांपेक्षा त्याचाच डाग त्रास देतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून तो पटकन धुऊन काढा, अल्कधर्मी द्रव्याने त्या काळवंडतात. आणि डब्यावर रंगासाठी, प्लास्टिकसाठी, फायबरसाठी चालतो असं लिहिलंय का ते बघूनच घ्या. इंजिन धुण्याचा डिग्रीझर त्याच फळीवर शेजारी असतो आणि दुकानदार तो पुढे करतो. तो फार कडक असतो, गाडीच्या तोंडाला लावू नका.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात ते सांगावंच लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात गाडी धुवायला पाइप सोडून ठेवणं मला पटत नाही, आणि या कामाला त्याची गरजही नाही. ओले टॉवेल आणि दोन-तीन बादल्यांत अख्खं तोंड निघतं. दुसरी गोष्ट, बोअरचं पाणी. ते क्षारांनी जड असतं, अंगावर वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. भिजवायला आणि पहिल्या धुण्याला बोअरचं पाणी चालेल. शेवटचं पाणी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या, आणि ते वाळायच्या आत कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. पुष्कळ घरांत आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी गाडीसाठी साठवतात. भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते भिजवायला वापरा, शेवटच्या धुण्याला नको. काचेवर पांढरे ठिपके आधीच बसले असतील तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि एक भाग पाणी फडक्यावर घेऊन पुसा आणि साध्या पाण्याने धुवा. क्षार आम्लात सुटतात.

किड्यांना मात्र व्हिनेगर-लिंबाचा उपयोग नाही. आम्लाने प्रथिन सुटत नाही, उलट गोठतं. दूध फाटतं ते असंच. घरगुती उपायांची यादी मोठी आहे, ज्यांबद्दल रोज विचारणा होते तेवढ्यांचं बोलतो.

डिझेल आणि रॉकेलने किडे थोडे सुटल्यासारखे वाटतात, खोटं नाही. पण त्याचा तेलकट थर राहतो, त्यावर पुढच्याच प्रवासात धूळ चिकटते, रंग जपायला वर लावलेलं वॅक्स निघून जातं, वायपरचं आणि काचेभोवतीचं रबर फुगतं. पेट्रोल आणि थिनर तर गाडीजवळ आणूच नका. हेडलाइटचं प्लास्टिक त्याने कायमचं पांढरट पडतं, ग्राफिक्स उचकटतात, आणि गाडीत गॅसची शेगडी असलेल्या माणसाने पेट्रोलने भिजलेली फडकी शेजारी ठेवणं धोक्याचं आहे. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, वर न विरघळलेले दाणे. भांड्याचं लिक्विड त्यापेक्षा बरं, त्यात दाणे नसतात. पण ते वॅक्स धुऊन काढतं, म्हणून नवं वॅक्स लावायच्या आदल्या दिवशी एकदा वापरायला हरकत नाही, दर आठवड्याला नको. खाण्याचा सोडा पाण्यात पूर्ण विरघळवून फडक्यावर घेतला तर चालतो. त्याची लुगदी करून घासली तर लॅकरवर बारीक रेघा येतात, आणि गडद रंगाच्या गाडीवर त्या उन्हात स्पष्ट दिसतात. टूथपेस्टमध्ये पॉलिशची भुकटीच असते, तीही नको.

परदेशी व्हिडिओत कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायचे सुगंधी कागद ओले करून किडे काढताना दाखवतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत, आणि शोधत बसण्याचीही गरज नाही. त्या कागदात जे असतं ते साधारण कपड्यांच्या फॅब्रिक कंडिशनरमध्ये असतं, आणि काम मुख्यतः त्या द्रव्याचं आणि पाण्याचं असतं. अर्ध्या लिटर स्प्रे बाटलीत अगदी थोडा, छोटा चमचाभर कंडिशनर टाकून बघितला तर पाणी अधिक निसरडं होतं, फडकं सहज फिरतं. दोन गोष्टी पाळा: तो शाम्पूत मिसळू नका, कारण दोघांचा विद्युतभार उलटा असल्यामुळे ते एकमेकांना निकामी करतात. आणि समोरच्या काचेवर तो नको, रात्री समोरून दिवे आले की काच धुरकट दिसते.

आता तुमच्या वरच्या फायबरबद्दल. जेलकोट लॅकरपेक्षा बराच जाड असतो, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे तो दणकट आहे. पण उन्हाने त्याची वरची कातडी खडूसारखी होते. बोट फिरवून बघा, बोटाला पांढरं लागलं तर तुमच्या गाडीचं तसं झालं आहे. अशा जेलकोटची छिद्रं उघडी असतात, किड्यांचा रंग त्यात उतरतो आणि धुतल्यावर पिवळट-तपकिरी सावली राहते. तिला कितीही शाम्पू लावला तरी ती जाणार नाही. फायबरसाठीचं बारीक कंपाऊंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, फोमच्या पॅडवर घ्या, आधी कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर हाताने करून बघा. सावली गेली आणि चकाकी आली तर तसंच पुढे चला. ते झालं की लगेच वॅक्स किंवा सीलंट (वॅक्सच्या जागी लावायचा सिंथेटिक थर), त्याच दिवशी. छिद्रं उघडी ठेवून गाडी रस्त्यावर नेली तर पुढच्या रात्रीचे किडे आणखी खोल बसतील. मला विचाराल तर तुमच्या गाडीचा खरा प्रश्न इथे आहे. नव्या बॉडीवर वॅक्सचा हात दिलाच गेलेला नसतो, बनवून देणारे ते सांगतही नाहीत.

पत्र्यावर खूण राहिली असेल तर आधी नखाची कड तिच्यावरून अलगद न्या. नख अडकलं नाही तर बारीक पॉलिशने, हाताने किंवा कमी वेगाच्या मशीनने, ती निघेल. नख अडकलं तर खूण लॅकरच्या आत गेली आहे. ती शून्य करण्याचा हट्ट धरून रबिंग मारून घेऊ नका. कडांवर आणि उठावांवर लॅकर आधीच पातळ असतं, मशीन तिथे क्षणात आरपार जाते. थोडी खूण चालवून घ्या, नाहीतर पेंटरला दिवसाउजेडी दाखवा.

काच सगळ्यांत सोपी. भिजवून उरलेले ठिपके नवीन ब्लेडने, काच ओली ठेवून, अगदी आडवं धरून काढता येतात. हे फक्त काचेवर. हेडलाइटवर किंवा ॲक्रिलिक खिडकीवर ब्लेड कधीच नाही. ॲक्रिलिकवर काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे नको, स्पिरिट नको, सॅनिटायझर नको. आज काही दिसत नाही, पण पुढे आतून केसाएवढ्या भेगांचं जाळं उठतं आणि ती खिडकी बदलावीच लागते. हेडलाइटला शाम्पू आणि पाणी, एवढंच. त्यावर उन्हापासून वाचवणारा कडक थर असतो, तो घासून गेला की काचा वर्षभरात पिवळ्या पडू लागतात. काळ्या खरबरीत बंपरवर फडक्याऐवजी मऊ ब्रश घ्या, आणि वॅक्स तिथे लागू देऊ नका, खाचांत पांढरं राहतं. वायपरच्या पात्यांची कडही ओल्या फडक्याने पुसा. तिच्यात अडकलेलं कवच काचेवर कमानीसारखा ओरखडा काढतं. आणि गाडी चालवताना किडे फुटले की कोरडा वायपर चालवू नका, आधी पाणी मारा. पाणी मारायच्या टाकीत काचेचं लिक्विड भरलेलं ठेवा.

प्रेशर वॉशर वाईट नाही, फक्त तो भिजवल्यानंतर वापरायचा. पंख्यासारखी रुंद धार, किमान दीड फूट अंतर, वरून खाली. एका रेषेत सुटणारी सुईसारखी धार गाडीवर नकोच. कॅरॅव्हॅनला मात्र जास्त जपावं लागतं, कारण तिच्यावर जोड पुष्कळ असतात: फायबर आणि पत्र्याची शिवण, खिडक्यांच्या फटी बुजवणारं सीलंट, छतावरचा व्हेंट, सोलरच्या वायरी आत जातात ती जागा, बाहेरची प्लगची झाकणं. या जोडांवर धार समोरून पडली की पाणी आत जातं. ते दिसत नाही, प्लायमध्ये मुरतं, आणि पुढच्या पावसाळ्यात आतून फुगतं. धुणाऱ्या मुलाला आधीच शांतपणे दाखवून द्या, इथे-इथे नको. मुलं ऐकतात.

उंचीचं एक सांगतो. वरचा कप्पा जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर असतो. शिडी फायबरला टेकवू नका, घडीची स्वतः उभी राहणारी शिडी घ्या, खाली एकजण धरायला हवा. ओल्या फरशीवर शिडी लावायची नाही. नाहीतर लांब दांड्याचा मऊ ब्रश आणा, ट्रकला वापरतात तो कडक केसांचा नको.

पुन्हा होऊ नये म्हणून काय, या प्रश्नाचं खरं उत्तर असं की किडे बसणारच. तुमच्या गाडीचं तोंड उभं आणि सपाट आहे. कारच्या उतरत्या बोनेटवरून हवा वर सरकते आणि हलके किडे तिच्याबरोबर वरून निघून जातात. उभ्या तोंडासमोर हवा थबकते, किडा सरळ आपटतो. त्यात वेग. ताशी ६० ऐवजी ९० ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण धडकेची ऊर्जा सव्वादोनपट. समृद्धीसारख्या रस्त्यावर गाडी एका वेगाने तासन्‌तास पळते, दोन्ही बाजूंना कपाशी-सोयाबीनची शेतं आणि मैलोगणती अंधार, त्यात तुमचाच काय तो दिवा. किडे तिकडेच येणार.

कधी जास्त येतात हे आपल्याला शेतीमुळे माहीत असतं, तेच रस्त्याला लावा. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्या आणि पुढच्या संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे बाभळी-कडुलिंबावर यायला निघतात, वाळवीला पंख फुटून तीही उडते. भुंगेरा जाड कवचाचा, त्याचा डाग मोठा आणि कडक. पावसाळ्यात चिलटं आणि पतंग. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तुडतुडे आणि कपाशीवरचे बोंडअळीचे पतंग. बोंडअळीचा पतंग रात्रीच उडतो, म्हणून तुम्हाला त्या रात्री एवढा मार बसला. शक्य असेल तेव्हा या दिवसांत दिवेलागणीनंतरचे दोन-तीन तास गाडी थांबवा, जेवण तेव्हाच करा, आणि मुक्कामाला गाडीचं तोंड हायमास्टच्या दिव्याकडे करून लावू नका. थंडीत ज्वारीवर चिकटा पडतो, तसाच चिकट रस मावा लागलेल्या झाडाखाली उभ्या गाडीवर पडतो. लोक तो किड्यांचाच डाग समजून घासतात. तो साखरेचा असतो, कोमट पाण्याने पाच मिनिटांत विरघळतो.

प्रवासाआधी गाडीच्या तोंडाला वॅक्सचा किंवा सिंथेटिक सीलंटचा हात द्या. किडे बसायचे थांबत नाहीत, पण ते लॅकरऐवजी वॅक्सवर बसतात आणि अर्ध्या वेळेत सुटतात. आपल्या उन्हात साधं वॅक्स फार टिकत नाही, दोन-अडीच महिन्यांनी पाण्याचे थेंब गोल उभे राहायचे थांबले की परत लावा. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, धुणं सोपं करतं, पण त्यावर किड्यांचा डाग पडत नाही हे विकणाऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नका. तोही दुसऱ्या दिवशी धुवावाच लागतो. पैसे असतील तर फक्त तोंडाला पारदर्शक फिल्म लावून घेणं मला अधिक पटतं. खराब झाली तर फिल्म बदलता येते. खोबरेल किंवा सिलिकॉनची चकाकी लावून निघू नका, धुळीचा थर बसतो.

आणि गाडीत एक पिशवी कायमची ठेवा: शाम्पूचं पाणी भरलेली स्प्रे बाटली, दोन जुने टर्किश टॉवेल, दोन मायक्रोफायबर, पाच लिटरचा पाण्याचा कॅन. रात्री मुक्कामाला पोचलात की टॉवेल ओले करून तोंडावर लावा, तोवर सामान काढा, चहा ठेवा, मग पुसून घ्या. ताजे किडे एवढ्यात निघतात.

एक जागा राहते, जी तुम्ही विचारली नाहीत, पण ती रंगापेक्षा महत्त्वाची आहे. पुढची जाळी उघडून टॉर्चने आत बघा. एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्या पात्यांत तेवढेच किडे भरलेले असतात. ते वाळले, त्यावर धूळ आणि कापसाची म्हातारी चिकटली की हवा जात नाही. मग एप्रिलमध्ये तुळजापूरचा घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर जातो, एसी गार करत नाही, आणि मेकॅनिक गॅस भरायला सांगतो. इंजिन पूर्ण गार झालं की नळाच्या साध्या पाइपने, जमेल तिथून इंजिनाच्या बाजूने बाहेर, म्हणजे हवा आत येते त्याच्या उलट दिशेने, मंद धारेने पाणी सोडा. आधी स्प्रे बाटलीतलं शाम्पूचं पाणी मारून दहा मिनिटं थांबा. प्रेशरची गन इथे अजिबात नको, पाती कागदासारखी वाकतात आणि वाकलेली पाती म्हणजे हवा बंद. मधे हात पोचत नसेल तर रेडिएटरवाल्याकडून खोलून धुऊन घ्या. जाळीच्या आत बारीक तारेची जाळी बसवायची असेल तर डोळे मोठे, मच्छरदाणीएवढे बारीक नकोत, आणि दर मुक्कामाला ती काढून झटका.